विहाराच्या फळ्यावर एक कोडे

गणित म्हटले की आपल्या वस्त्यांतील कित्येक मुलांच्या पोटात गोळा येतो. ही भीती जन्मजात नाही, ती पेरलेली आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर आणि आकडा दोन्हींपासून दूर ठेवले, त्याच्या मुलाला ‘गणित तुझे काम नव्हे’ असे ऐकवणारे आजही भेटतात. मग मूल दहावीला अडते, स्पर्धा परीक्षेच्या दारातून परत फिरते. ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहून चलनव्यवहाराची चिकित्सा केली, त्यांच्या लेकरांनी आकड्याला भ्यावे?

भीती उपदेशाने जात नाही, खेळाने जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. धम्मदीक्षेचे वर्ष घेऊ, १९५६. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९६५१. चढत्या क्रमाने, १५६९. वजाबाकी ८०८२. पुन्हा तेच करा. ८८२० वजा ०२८८, उरले ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४च! महाड सत्याग्रहाचे १९२७ घेतले तर सात पायऱ्या लागतात, पण मुक्काम तोच. सातांपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत.

हा शोध १९४९ सालचा, देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा. विद्यापीठीय पंडितांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हा मास्तर कळला.

यात शुभ-अशुभ काही नाही. आकड्यांवरून भविष्य सांगून पोट भरणाऱ्यांना इथे जागा नाही. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बाबासाहेबांचे जन्मवर्ष १८९१ घ्या आणि स्वतः तपासा.

आता दुसरे कोडे. मजुराची रोजी ५०० रुपये. मालकाने २० टक्के कापली, पुढे २० टक्के वाढवली आणि म्हणाला, ‘कापले तेवढे परत दिले.’ खरे का? ५०० चे झाले ४००, त्यावर २० टक्के म्हणजे ८०. हाती आले ४८०. रोज २० रुपये गेले, आणि वर उपकारही झाले! सावकाराचे ‘महिना शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाला ते शंभराला ३६ होतात. वकिलीत असे कागद रोज पाहतो. सही झाल्यावर हिशेब विचारायला लोक येतात. तो सहीच्या आधी विचारायचा असतो.

म्हणून सूचना एवढीच. दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या फळ्यावर एक कोडे लिहा. उत्तर लगेच सांगू नका. मुलांबरोबर आयाबहिणींनाही बसवा. चुकलेल्याला कोणी हसू नये, हा एकच नियम. ‘शिका’ या आदेशात आकडाही येतो. जो हिशेब मांडू शकतो, तोच हिशेब मागू शकतो.

जय भीम!