दुष्काळातला तेरावा महिना आणि शेअरचा परतावा

मागच्या व्याख्यानात आपण इथपर्यंत आलो होतो की शेअरची किंमत म्हणजे त्यातून पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मोल. तेव्हा एक प्रश्न आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला होता. पुढचा पैसा आजच्या किमतीत आणायचा तर दर कुठला लावायचा? बँकेतल्या मुदत ठेवीला एक दर आणि शेअरला त्याहून जास्त, असं का? कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: शेअरमध्ये जोखीम आहे म्हणून. उत्तर चूक नाही. पण जोखीम म्हणजे नेमकं काय आणि तिचा मोबदला किती असायला हवा, असं खोदून विचारायला लागलं की गेली चाळीस वर्षं अर्थशास्त्रज्ञ ज्या कोड्याशी झटतायत, त्याच्या दारात आपण येऊन उभे राहतो.

आधी जोखीम म्हणजे काय ते बघू. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात जोखीम म्हणजे चढउतार. आज शंभर, उद्या ऐंशी, परवा एकशे दहा. ही समजूत अर्धीच आहे.

समजा, एका साखर कारखान्याच्या गावात एक कामगार राहतो. पाऊस चांगला झाला तर ऊस भरपूर, गाळप भरपूर, पगार वेळेवर, वर बोनस. दुष्काळ पडला की गाळप थांबतं आणि पगारही थकतो. या माणसाला कोणीतरी दोन कागद विकायला आणले. पहिला कागद चांगल्या वर्षी दीडशे रुपये देतो, दुष्काळात पन्नास. दुसरा बरोबर उलटा: चांगल्या वर्षी पन्नास, दुष्काळात दीडशे. दोन्ही प्रकारच्या वर्षांची शक्यता निम्मी-निम्मी धरू. दोन्ही कागदांची सरासरी शंभरच आणि दोन्हींचे चढउतारही अगदी सारखे. मग किंमत सारखी असेल का?

मुळीच नाही. पहिला कागद म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा दुष्काळात तेरावा महिना. अन्न पुरत नाही त्याच वर्षी अधिक महिना येतो आणि आणखी तीस दिवस ढकलायचे असतात. हा कागदही तसाच, घरात चणचण असते नेमका तेव्हाच हात आखडता घेतो. दुसरा कागद अडीनडीला धावून येतो. दुसऱ्यासाठी तो कामगार नव्वद, पंचाण्णव, कदाचित एकशे पाच रुपयेही मोजेल. पहिल्यासाठी सत्तरच्या वर जाणार नाही. सत्तर देऊन सरासरी शंभर मिळतात म्हणजे पहिल्या कागदावर परतावा मोठा. एकशे पाच देऊन सरासरी शंभर म्हणजे दुसऱ्यावर तोटा, आणि तोही तो खुशीने सोसेल. विम्याचा हप्ता आपण असाच भरतो. गळ्यातलं सोनं व्याज देत नाही म्हणून कोणी मोडायला निघत नाही, त्यामागेही हाच हिशेब आहे.

तर बाजार मोबदला देतो तो चढउताराचा नव्हे. जो कागद वाईट वेळी आणखी वाईट होतो, तो बाळगण्याचा मोबदला असतो. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य वहीत लिहून घ्यायचं असेल तर हे घ्या.

या विचाराला गणिती रूप टप्प्याटप्प्यानं आलं. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली दाखवलं की एकेका शेअरचा चढउतार सुटा बघून उपयोग नाही, तो बाकीच्या शेअरांबरोबर कसा हलतो ते बघायला हवं. विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये त्यातून पुढचा निष्कर्ष काढला: अनेक शेअर एकत्र ठेवून जी जोखीम मिटवता येते तिचा मोबदला मिळत नाही, संपूर्ण बाजाराबरोबर हलण्याची जी जोखीम उरते तिचाच मिळतो. 'बीटा' हा शब्द तुम्ही म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात वाचला असेल, तो याच वळणाचा. १९९० चं नोबेल या दोघांना मर्टन मिलर यांच्यासह मिळालं.

१९७८ मध्ये रॉबर्ट लुकास यांनी याच्याही मुळाशी जाणारं एक सुटसुटीत प्रारूप मांडलं. त्यांच्या कल्पनेतल्या जगात फक्त झाडं आहेत. झाडांना दरवर्षी कमीजास्त फळं लागतात, लोक तीच खातात, आणि झाडाचा मालकी हक्क म्हणजे शेअर. आपण ती आंब्याची कलमं समजू. ज्या वर्षी मोहोर गळतो त्या वर्षी सगळ्यांच्याच ताटात कमी. मग कलमाचा भाव ठरतो तो लोकांना अशा वर्षाची किती धास्ती आहे यावर. इथे 'वाईट वेळ' म्हणजे बाजार पडण्याची वेळ नाही. लोकांचा प्रत्यक्ष खर्च, खाणंपिणं, राहणीमान आखडतं ती वेळ. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं कोडं सगळं त्यावर उभं आहे.

आता कोडं. भारतीय वंशाचे रजनीश मेहरा आणि अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९८५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १८८९ ते १९७८ ही नव्वद वर्षं त्यांनी अमेरिकेच्या आकडेवारीतून तपासली. महागाई वजा केल्यावर शेअरांवरचा सरासरी वार्षिक परतावा सुमारे ७ टक्के निघाला. जवळजवळ बिनजोखमीच्या अल्पमुदतीच्या रोख्यांवरचा परतावा होता फक्त ०.८ टक्के. फरक सहा टक्क्यांहून थोडा जास्त. मग त्यांनी लुकास यांच्या झाडांच्या जगात अमेरिकी लोकांच्या खर्चाचे खरे आकडे घातले आणि विचारलं, हा फरक किती असायला हवा होता? उत्तर आलं, फार तर ०.३५ टक्के.

सहा कुठे आणि ०.३५ कुठे! पाच-दहा टक्क्यांची चूक असती तर कोणी मनावर घेतलं नसतं. इथे मोबदला सतरापटीहून जास्त निघाला होता.

असं का झालं? कारण शेअर बाजार वर्षात तीस-चाळीस टक्के पडू शकतो, पण लोकांची ताटं तितकी रिकामी होत नाहीत. त्या नव्वद वर्षांत शेअरांच्या परताव्याचं प्रमाण विचलन होतं १६ टक्क्यांच्या वर आणि दरडोई खर्चाच्या वाढीचं जेमतेम साडेतीन टक्के. म्हणजे तेरावा महिना आला खरा, पण दुष्काळ सौम्य होता. एवढ्या सौम्य दुष्काळाच्या भीतीपोटी लोक दरवर्षी सहा टक्के मागतात हे पटत नाही.

कोणी म्हणेल, लोक फार भित्रे असतील, त्यात काय? किती भित्रे, तेही मोजता येतं. ग्रेगरी मॅनकिव्ह आणि स्टीफन झेल्डिस यांनी १९९१ मध्ये एक हिशेब दिला. त्यांचे डॉलर आपण रुपये करू. नाणं उडवायचं. छापा पडला तर तुमचं उत्पन्न एक लाख, काटा पडला तर पन्नास हजार. या अनिश्चिततेऐवजी खात्रीची किती रक्कम तुम्ही पत्कराल? सभागृहात साठ, पासष्ट, सत्तर हजार अशी उत्तरं येतील. पण सहा टक्क्यांचं कोडं सुटेल इतका भित्रेपणा गृहीत धरला, तर तो माणूस सुमारे ५१,२०९ रुपयांवरच राजी होतो. एक लाखाची निम्मी शक्यता तो बाराशे रुपयांत सोडून देतो. असा माणूस आम्ही तरी पाहिलेला नाही. आणि माणसं खरंच अशी असती तर व्याजाचे दरही भलतेच निघाले असते. फिलिप वाइल यांनी १९८९ मध्ये ती दुसरी अडचण दाखवून दिली.

मग उत्तरं शोधायची झुंबड उडाली. त्यातली तीनच आपण घेऊ, कारण या तिघांतलं कुठलं खरं यावर तुमच्या-आमच्या म्हातारपणाच्या शिलकीचा अंदाज अवलंबून आहे.

पहिलं उत्तर: आकडेवारीत जो दुष्काळ दिसतो तो खरा दुष्काळच नव्हे. लोकांच्या मनात भीती आहे ती महासंकटाची, म्हणजे जागतिक युद्ध, क्रांती, अर्थव्यवस्था कोसळणं यांची. थॉमस रिट्झ यांनी हे १९८८ मध्ये मांडलं. मेहरा आणि प्रेस्कॉट यांचा आक्षेप असा की इतकं मोठं संकट अमेरिकेत घडलेलंच नाही. मग २००६ मध्ये रॉबर्ट बॅरो यांनी एका देशाऐवजी विसाव्या शतकातल्या अनेक देशांची आकडेवारी घेतली. त्यात राष्ट्रीय उत्पन्न १५ टक्के किंवा त्याहून जास्त घसरण्याचे प्रसंग वर्षाला सुमारे १.७ टक्के शक्यतेनं येतात, साधारण साठ वर्षांतून एकदा. काही देशांत घसरण ६४ टक्क्यांपर्यंत गेली. आजोबा, वडील आणि आपण अशा तीन पिढ्यांत एकदा तरी गाठ पडणार, असं हे संकट आहे. त्याची धास्ती घ्यायला माणूस भित्रा असावा लागत नाही.

दुसरं उत्तर अधिक बोचरं आहे. आपण अमेरिकेचाच इतिहास का वाचतो? कारण अमेरिका जिंकली. १९०० साली सेंट पीटर्सबर्गच्या बाजारात पैसे घालणारा माणूस काही मूर्ख नव्हता. १९१७ च्या क्रांतीनंतर त्याचे शेअर रद्दी झाले. शांघायचा बाजार १९४९ मध्ये बंद पडला. फिलिप जोरिऑन आणि विल्यम गोट्झमन यांनी १९९९ मध्ये ३९ बाजारांचा अभ्यास छापला. लाभांश सोडून, फक्त भावातली वाढ महागाई वजा करून पाहिली तर अमेरिकेची वाढ वर्षाला ४.३ टक्के होती. बाकी देशांचं मध्यक होतं ०.८ टक्के. याला उत्तर म्हणून डिमसन, मार्श आणि स्टाँटन यांनी लाभांशासह १६ देशांची शंभर वर्षं मांडली, आणि त्या प्रत्येक देशात शेअरांनी रोख्यांना मागे टाकलेलं दिसलं. तेव्हा सगळं श्रेय नशिबाला देता येत नाही, पण काही तरी द्यावंच लागतं.

इथे आपल्या सेन्सेक्सबद्दल थोडं बोलायला हवं. त्याचं पायाभूत वर्ष १९७८-७९, म्हणजे अजून पन्नास वर्षांचाही इतिहास नाही. १९८६ मध्ये तो प्रसिद्ध होऊ लागला तेव्हाच्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीवाली. हिंदुस्थान मोटर्स होती, बॉम्बे डाइंग होती. आजच्या तीस कंपन्या घेऊन त्यांनी मागे काय दिलं हे बघणं म्हणजे फक्त पास झालेल्यांची सरासरी काढणं. निर्देशांक स्वतः ही गफलत करत नाही, कारण कंपनी यादीत असेपर्यंतची तिची घसरण त्यात धरलेली असते. गफलत होते ती 'या शेअरात तेव्हा दहा हजार घातले असते तर' अशा गोष्टींत.

तिसरं उत्तर मानसशास्त्राचं. श्लोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर, १९९५. माणसाला शंभर रुपये गमावल्याचं दुःख शंभर कमावल्याच्या आनंदाच्या दुपटीहून जास्त असतं, आणि तो आपला हिशेब वारंवार उघडून बघतो. जितक्या वेळा बघेल तितक्या वेळा तोटा दिसण्याची शक्यता जास्त, आणि तितका तो शेअरकडून जास्त मोबदला मागेल. लोक साधारण वर्षातून एकदा हिशेब मांडतात असं धरलं तर इतिहासातला फरक जुळतो, असं त्यांना आढळलं. हे १९९५ सालचं बरं का, खिशातला मोबाइल दर मिनिटाला भाव दाखवू लागण्याच्या पुष्कळ आधीचं.

तीन उत्तरं आणि तीन वेगळी भाकितं. महासंकटाचं उत्तर खरं असेल तर जास्तीचा परतावा ही खऱ्या धोक्याची मजुरी आहे, पुढेही मिळेल, पण एखाद्या पिढीला धोका प्रत्यक्ष भेटेल. मानसशास्त्राचं खरं असेल तर हिशेब कमी वेळा उघडणाऱ्याला तो बऱ्यापैकी फुकट मिळतो. आणि नशिबाचं खरं असेल तर तो तेवढा परत येणारच नाही. एक लाख रुपये तीस वर्षं दरवर्षी ठरावीक ७ टक्क्यांनी वाढले तर ७ लाख ६१ हजार होतात, ४ टक्क्यांनी ३ लाख २४ हजार. आमचा कल पहिल्या उत्तराकडे, त्यात दुसऱ्याचा थोडा अंश धरून. तिसऱ्यानं रोजचं वागणं छान समजतं, पण एवढा मोठा फरक नव्वद वर्षं टिकवण्याइतकं बळ त्यात आहे असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन घेऊ.

पहिली: 'मुदत लांब असली की जोखीम कमी होते ना?' वार्षिक सरासरीचा पल्ला नक्कीच आखूड होतो. पण आपण सरासरी खात नाही, शिल्लक खातो. समजा, एका वर्षात परतावा उणे ३० ते अधिक ५० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. एका लाखाचे सत्तर हजार होतील किंवा दीड लाख, अंतर ऐंशी हजारांचं. तीस वर्षांत सरासरी आवळून ३ ते ९ टक्क्यांच्या मध्ये आली असं धरू. शिल्लक २ लाख ४३ हजार किंवा १३ लाख २७ हजार. टक्के जवळ आले, रुपये लांब गेले. पॉल सॅम्युएलसन यांनी १९६३ पासून हे सांगितलं. आणि तीस वर्षंही पुरतील असं नाही: जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता, ती पातळी त्यानं ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये.

दुसरी चिठ्ठी: 'माझी नोकरी आयटीमध्ये, कंपनीनं दिलेले तिचेच शेअरही माझ्याकडे आहेत. ठेवू का?' कुठला शेअर घ्यावा-विकावा हे आम्ही इथे सांगत नाही. पण साखर कारखान्याच्या कामगारापुढे आलेला पहिला कागद आठवा. २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारांवर गेला होता आणि ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली आला. त्याच महिन्यांत कंपन्यांनी भरती थांबवली होती, पगारवाढीही रोखल्या होत्या. नोकरी आणि शिल्लक एकाच कलमावर टांगली असेल तर तुमचा बीटा माहितीपत्रकातल्या बीटापेक्षा मोठा आहे. तो तुम्हाला स्वतःच काढावा लागेल, आणि त्यासाठी बाजार जो मोबदला देतो तो सर्वसाधारण गुंतवणूकदाराच्या हिशेबानं ठरलेला असतो, तुमच्या नव्हे.

पुढच्या वेळी रॉबर्ट शिलर यांच्या १९८१ च्या निबंधापासून सुरुवात करू. लाभांश जेवढा हलतो त्यापेक्षा शेअरचे भाव कितीतरी जास्त का हलतात, हा त्यांचा प्रश्न होता.