जुन्या टीव्हीला कोणता मीडिया प्लेअर घ्यावा?

बेळगाव : लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मिळतो, पण घरच्या टीव्हीवर आवाज येतो, चित्र येत नाही. दोष बहुधा पेन ड्राइव्हचा नसतो; अनेक जुन्या टीव्हींना एच.२६५ फाईल उलगडत नाही. त्यासाठी नवा टीव्ही कशाला? मीडिया प्लेअरवर काम भागतं.

आधी टीव्हीच्या मागे बघा. एचडीएमआय असेल तर उत्तम. नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर एव्ही आउटवालाच प्लेअर घ्या. खोक्यावर एच.२६५ आणि यूएसबी लिहिलंय का, तपासा. घरात नेट नसेल तर स्ट्रीमिंग स्टिक नको. एफएटी-३२ पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, हेही ध्यानात ठेवा. दुकानात जाताना तोच पेन ड्राइव्ह न्या, चालवून बघा, मगच पैसे द्या.