मुरुडशेंग, ओव्याचं पान आणि डॉ. चटर्जी

नाल्यांना गढूळ पाणी आलं की पांढरकवडा, घाटंजीकडच्या घरांत मुरुडशेंगेची आठवण होते. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब, त्यावर शेंगेचे चार वेढे आणि ते तपकिरी चाटण मुलाच्या जिभेवर. पीळ पडलेली शेंग आतड्यासारखी दिसते, म्हणून मुरड्यावर चालते, हा त्यामागचा जुना तर्क. पण आकारावरून औषधाचा गुण ठरत नाही. शिवाय हगवणीत मूल दगावतं ते मुरड्याने नव्हे, अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने.

हे ओळखून काम केलेल्या कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींबद्दल मला फार आदर आहे. १९५३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पटकीच्या १८६ रुग्णांची हकीकत छापली. उपचार काय, तर लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम ग्लुकोज, तेही तोंडावाटे. सोबतीला ओव्याच्या पानांचा रस. हो, आपण भजी तळतो तीच जाड, लवदार पानं! तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून तो लेख मागे पडला. मिठाच्या पाण्यात ग्लुकोज का लागतं, हे कोडं १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी उलगडलं. आतड्याच्या पेशीचं एक दार सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं. पाणी त्यांच्या पाठोपाठ शिरतं. पटकीतही हे दार शाबूत असतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, ते योग्यच झालं. चटर्जींचं नाव मात्र डॉक्टरांनाही क्वचितच ठाऊक असतं, याची खंत वाटते.

मीठ घातलेली ज्वारीची पातळ आंबीलही याच दाराने जाते, कारण पिठातला स्टार्च पचताना ग्लुकोज हळूहळू सुटतं. तरी लहान मुलाला आशाताईंकडची ओआरएसची पुडीच द्यावी. ती नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंदाजाने साखर वाढवू नका. जास्त साखर पाणी उलट आतड्यात ओढते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले किंवा मूल सुस्तावलं, तर सहाण बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. वाटेतही पाणी पाजत राहा.