जाब विचारायचा कुणी आणि कसा?

जाहीर सभेत हमखास टाळ्या मिळवणारी काही वाक्ये असतात. ‘सत्तेवर बसलेल्यांना जाब विचारलाच पाहिजे’ हे त्यांपैकीच एक. एखाद्या आमदाराने ते ठासून म्हटले की मैदानातून जोरदार प्रतिसाद येतो. पुढे सभा संपते, गर्दी पांगते आणि हा जाब नेमका कुणी, कुठे व कसा विचारायचा, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. वास्तविक राज्यघटनेने हे काम सर्वप्रथम सोपविले आहे ते व्यासपीठावरील त्या वक्त्याकडेच.

घटनेच्या १६४व्या कलमानुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. साहजिकच महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ सदस्यांपैकी जे मंत्री नाहीत, त्या सर्वांवर सरकारवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी येते. मग ते कोणत्याही बाकांवर बसणारे असोत. त्यासाठी त्यांच्या हाती साधनेही आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या सार्वजनिक विषयावर लक्षवेधी सूचना देता येते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे आश्वासन समिती पाहते, तर महालेखापालांच्या अहवालाच्या आधारे खर्चाची छाननी लोकलेखा समिती करते. संसदेत या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. हिशेब देणारा आणि तो तपासणारा एकच असू नये, हा त्यामागील विचार.

मग घोडे अडते कुठे? पहिली अडचण पक्षादेशाची. आयाराम-गयारामांना आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये घटनेत दहावे परिशिष्ट समाविष्ट झाले. पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व त्यामुळे धोक्यात येते. परिणामी सत्तारूढ पक्षाचा आमदार सरकारवर नाराज असला, तरी मतदानाच्या वेळी त्याचे हात बांधलेले असतात.

दुसरी अडचण निर्णयाला लागणाऱ्या विलंबाची. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी द्यायचा असतो. शिवसेनेतील जून २०२२ च्या फुटीनंतर दाखल झालेल्या याचिकांबाबत, अध्यक्षांनी वाजवी मुदतीत निर्णय द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. अध्यक्षांचा निकाल लागला तो १० जानेवारी २०२४ रोजी, आणि दोन्ही गटांतील कोणीही अपात्र ठरले नाही. निकालाच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. मात्र तोवर पाच वर्षांच्या मुदतीतील दीड वर्ष सरले होते, हे नाकारता येत नाही.

या काळात मतदाराने काय करावे? निवडून दिलेला आमदार मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार भारतात मतदारांना नाही. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात या अधिकाराचा पुरस्कार केला होता. परंतु विधानसभा व लोकसभेच्या पातळीवर ती कल्पना कायद्यात उतरली नाही. ब्रिटनने २०१५ मध्ये असा कायदा केला, तोही मर्यादित. खासदाराला तुरुंगवासाची शिक्षा होणे किंवा सभागृहाने त्याला ठरावीक काळासाठी निलंबित करणे, अशी कारणे घडली तरच सह्यांची मोहीम सुरू होते आणि मतदारसंघातील दहा टक्के मतदारांनी सह्या केल्यास जागा रिक्त होते. २०१९ मध्ये पीटरबरो मतदारसंघात या मार्गाने प्रथमच खासदाराला पद गमवावे लागले. नुसत्या नाराजीवरून लोकप्रतिनिधी परत बोलावता आला, तर पराभूत उमेदवार दुसऱ्याच दिवशी सह्या गोळा करू लागतील, ही भीती या मर्यादांमागे आहे.

भारतात जबाबदारीची चौकट रुंदावली ती बव्हंशी न्यायालयांमुळे. उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती शपथपत्राद्वारे द्यावी, हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांतून आला. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदारांना अपिलाच्या आधारे पद टिकविण्याची मिळणारी सवलत न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी रद्द केली. माहितीच्या अधिकाराबाबत महाराष्ट्राचे पाऊल पुढे होते. राज्याचा कायदा २००२ चा, तर केंद्राचा २००५ चा. आमदाराच्या स्थानिक विकास निधीतून कोणती कामे झाली, किती रक्कम खर्च पडली, हे या कायद्यान्वये कोणत्याही नागरिकाला विचारता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत त्याचे उत्तर मिळायला हवे.

तेव्हा पुढील सभेत ‘जाब विचारू’ ही घोषणा कानी पडली, तर टाळ्यांसोबत काही प्रश्नही तयार असावेत. गेल्या अधिवेशनात आमदार किती दिवस सभागृहात होते? आपल्या भागातील पाणी, रस्ते वा रुग्णालयाविषयी त्यांनी कोणते प्रश्न मांडले? मंत्र्याने दिलेल्या आश्वासनाचा त्यांनी पाठपुरावा केला का? निधी कुठे खर्च झाला? या प्रश्नांची ठोस उत्तरे देणाऱ्या लोकप्रतिनिधीलाच इतरांकडे जाब मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो. जो ती देत नाही, त्याच्याबाबतचा निर्णय मतदानाच्या दिवसापर्यंत लांबतो खरा. पण त्या निर्णयाची तयारी मतदाराला आजपासूनच करता येते.