रुमाल टाकून जागा धरणे

गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाचे काम माझ्याकडे होते. त्यात वडिलांची चौकट वर, आईची खाली. ज्यांना आईचे नाव आधी हवे, त्यांच्यासाठी दोन्ही चौकटींची अदलाबदल करणारे बटण मी तीन ओळींत लिहिले. दुसऱ्याच दिवशी एका मुलीचा फोन आला, "सर, बटण दाबलं आणि भरलेलं सगळं गेलं!"

चूक माझीच होती. ती समजायला ब्राउझरची रीत पाहावी लागते. पानाचा मजकूर हाती आला की ब्राउझर त्याचे एक झाड उभे करतो. यालाच डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल, थोडक्यात 'डॉम', म्हणतात. त्याचे पहिले प्रमाण १९९८ साली ठरले. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी घडवलेली जावास्क्रिप्ट या झाडाच्या फांद्या हलवते.

मी मात्र फांद्या हलवल्याच नव्हत्या. 'इनरएचटीएमएल' वापरून दोन्ही चौकटींचा मजकूर उतरवून घेतला आणि उलटसुलट लिहिला. त्यामुळे जुने रकाने मोडले, कोरे नवे तयार झाले. टाइप केलेली उत्तरे, केलेल्या खुणा या मूळ मजकुरात नसतात. त्या जिवंत रकान्यापाशीच असतात. रकान्यांना जोडलेले तपासणीचे कोडही त्यांच्याबरोबर गेले.

मग चौकटीच उचलून हलवाव्यात. डॉमचा नियम असा, की एक घटक एका वेळी एकाच जागी राहतो. 'इन्सर्टबिफोर'ने तो दुसरीकडे ठेवला, की जुन्या जागेवरून आपोआप निघतो. अडचण एवढीच, की पहिला उठला की त्याची जागा मिटते. मग दुसऱ्याला बसवायचे कुठे?

उपाय आपल्या एसटीतला आहे: उठण्याआधी रुमाल टाकावा. पहिल्या चौकटीआधी एक रिकामा घटक ठेवायचा. पहिली चौकट दुसरीच्या आधी न्यायची. मग 'रिप्लेसविथ'ने रुमालाच्या जागी दुसरी बसवायची. चौकटी शेजारी असोत वा दूर, हिशेब चुकत नाही.

तरी एक उणीव राहते. अशा हलवाहलवीत आयफ्रेममधले पान पुन्हा पहिल्यापासून उघडते. त्यासाठी २०२५ मध्ये क्रोममध्ये 'मूव्हबिफोर' ही नवी सोय आली.

बटण दुरुस्त केले, पण त्या मुलीला अर्ज पुन्हा भरावा लागला. तेव्हापासून कुठलीही अदलाबदल तपासताना मी रकान्यांत आधी काहीतरी भरतो. रिकाम्या अर्जावर माझे जुने बटणही बिनचूक चालत होते.