बालपणीची शस्त्रक्रिया, प्रौढपणाची वाटचाल

नसरापूर-वेल्हे रस्त्यावरील मार्गासनीसारख्या गावात जन्मलेल्या बालकाच्या आतड्यात जन्मजात दोष आढळला, तर शस्त्रक्रियेसाठी त्याला बहुधा पुण्यास न्यावे लागते. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. पुढील सारे आयुष्य मात्र गावातच काढावयाचे असते. त्या आयुष्याची जबाबदारी गावानेही उचलली पाहिजे.

हर्षस्प्रुंग रोग हा असाच एक दोष होय. कोपनहेगनचे डॉ. हॅराल्ड हर्षस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसल्याने तो भाग आवळलेला राहतो व मळ पुढे सरकत नाही. जन्मानंतर ४८ तासांत शौच न होणे, पोट फुगणे व हिरवी उलटी होणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. सदोष भाग काढून निरोगी आतडे गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया डॉ. ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून ही बालके मोठी होऊन संसाराला लागू लागली.

यांपैकी बहुतेक जण शेती, नोकरी, संसार व्यवस्थित सांभाळतात. काहींना मात्र बद्धकोष्ठ वा अनावर शौचाचा त्रास प्रौढपणीही राहतो. संकोचामुळे ते बोलत नाहीत, एस.टी.चा प्रवास व लग्नकार्यातील जेवण टाळतात. वास्तविक आहार, औषधे व नियमित सवयीने हा त्रास पुष्कळ आटोक्यात येतो. ताप, पोटफुगी व दुर्गंधीयुक्त जुलाब एकत्र दिसल्यास तो आतड्याचा गंभीर दाह असू शकतो. अशा वेळी जुलाब थांबविणारी गोळी घेऊन घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे. स्त्रियांनी गर्भारपणाच्या सुरुवातीसच डॉक्टरांना जुन्या शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी अठराव्या वर्षापर्यंतच आहे. त्यानंतर रुग्णाजवळचे कागद हाच नव्या डॉक्टरांना आधार असतो. म्हणून शस्त्रक्रियेची कागदपत्रे पालकांनी जपून ठेवावीत व मूल जाणते होताच त्याला सर्व समजावून सांगावे.

शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास कारण न विचारता वर्गाबाहेर जाऊ द्यावे. ग्रामपंचायतीने शाळेतील व सार्वजनिक शौचालयांत पाणी आणि दाराला कडी बारमाही राहील, हे पाहावे. खर्च थोडा आहे. परंतु एखाद्याचे शिक्षण व रोजगार त्यावर अवलंबून असतो.