मालवाहतुकीच्या दफ्तराची राखण

दिवाळी सरता सरता मानवत, सेलू आणि परभणी येथील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांत सरकीपासून विलग झालेल्या रुईच्या गाठी बांधल्या जाऊ लागतात, आणि कल्याणहून पाथरी, मानवत, परभणी, नांदेड असा निर्मलपर्यंत जाणाऱ्या 61 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर त्या गाठींनी भरलेल्या मालमोटारींची वर्दळ वाढते. एक गाठ सुमारे 170 किलोची आणि शंभर गाठींचा सौदा हा व्यापारातला नेहमीचा. म्हणजे एका मोटारीवर सतरा टन रुई, आणि ज्याने ती उधार-उसनवारीने जमविली त्या व्यापाऱ्याची निम्मी पत. पूर्वी हा माल हुंडेकऱ्याच्या हवाली होताना बिल्टीवर सही-शिक्का पडे, मुनीम चालकाला तोंडओळखीने जाणत असे, आणि संशय आलाच तर मोटार आवारातून हलत नसे. बिल्टी आजही आहे. परंतु तिच्यामागचा सारा व्यवहार आता मोबाइलवर आणि संगणकावर चालतो, आणि मुनिमाची ती जागरूक नजर त्या नव्या दफ्तरापर्यंत मात्र पोचलेली नाही, ही माझी खरी चिंता आहे.

परभणीसारख्या ठिकाणच्या वाहतूकदाराला असे वाटते की, संगणकावरील हल्ले मोठ्या कंपन्यांवर व्हावयाचे; आपल्या चार-सहा गाड्यांच्या धंद्याकडे कोण पाहतो? या समजुतीचे निरसन न्हावाशेवा येथे घडलेल्या प्रकरणाने व्हावयास हवे होते. 27 जून 2017 रोजी युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संगणकप्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम बाहेर पडला आणि पाहता पाहता डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. तिच्याच समूहाकडे असलेले न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल त्यामुळे ठप्प झाले. ज्या बंदराचा युक्रेनच्या कलहाशी सुतराम संबंध नव्हता, तेथील कंटेनरची नोंद, त्यांची जागा आणि त्यांना बाहेर सोडण्याचा हुकूम हे सर्व पडद्यावर अवलंबून असल्यामुळे, पडदा अंधारताच माल जागच्या जागी थिजला.

मर्स्कला पुढे सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, आणि नुकसानीचा आकडा 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेला. कंपनीच्या संगणक-जाळ्याची मूळ नोंदवही जेथे जेथे होती तेथे तेथे ती नष्ट झाली होती. घाना देशातील एका कार्यालयात मात्र नेमकी त्याच वेळी वीज गेलेली असल्याने तिची एक प्रत जाळ्याबाहेर राहून बचावली, आणि तिच्यावरूनच पुढची उभारणी शक्य झाली. आपल्या हिशेबाची एक प्रत कोणत्याही तारेला न जोडता, कपाटात, कुलपाखाली ठेवण्याची आवश्यकता याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार? फेब्रुवारी 2022 मध्ये न्हावाशेवाच्याच बंदरातील दुसऱ्या एका टर्मिनलवर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला आणि जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली.

इंग्लंडमधील उदाहरण अधिक हृदयद्रावक आहे, कारण ते निव्वळ ट्रकवाल्यांचे आहे. 1865 साली स्थापन झालेली ‘नाइट्स ऑफ ओल्ड’ ही वाहतूक पेढी ज्या केएनपी समूहात होती, त्याच्या सुमारे पाचशे मालमोटारी रस्त्यावर होत्या. 2023 मध्ये खंडणीखोरांनी तिचे दफ्तर कुलूपबंद केले. एका कर्मचाऱ्याचा कच्चा पासवर्ड ओळखून ते आत शिरले, असे मानले जाते. काही महिन्यांतच पेढी बुडाली आणि सुमारे सातशे माणसांची रोजी गेली. गाड्या शाबूत, चालक शाबूत. परंतु कोणाचे किती येणे आहे याचा दाखलाच हाती उरला नाही.

आपल्याकडील धोका पुष्कळदा याहून साध्या वेषात येतो. पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालासाठी सामान्यतः आवश्यक असणाऱ्या ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पहिल्यात मालाचा तपशील, दुसऱ्यात गाडीचा क्रमांक. ज्याच्या हाती वाहतूकदाराचे खाते लागले, त्याला हा क्रमांक बदलता येतो. 1 एप्रिल 2025 पासून सर्व करदात्यांना या खात्यासाठी पासवर्डखेरीज मोबाइलवर येणारा ओटीपीही सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट. पण मालक गावाला गेला म्हणून तो ओटीपी फोनवरून कोणालाही सांगितला जात असेल, तर दाराला दुसरे कुलूप लावून त्याची किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखेच ते झाले. बनावट आरसी-बुक दाखवून माल उचलणारा भामटा, डिझेलपुरते आगाऊ भाडे मागून नाहीसा होणारा ‘गाडीमालक’, ई-चलनाच्या बहाण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल, आणि ‘आमचे बँकखाते बदलले’ असे ओळखीच्या पेढीच्या नावाने येणारे पत्र, या सर्वांचा आधार एकच असतो: घाईच्या हंगामात रुजुवात करण्यास कोणाला सवड नसते.

म्हणून पहिला शिरस्ता असा असावा की, खात्याचा वा गाडीचा बदल कळविणारा निरोप आला तर त्याच निरोपातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर स्वतः फोन करून खातरजमा करावी आणि तोवर एक पैही हलवू नये. प्रत्येक कारकुनाचे खाते निराळे असावे, आणि तो नोकरी सोडून जाईल त्याच दिवशी ते बंद व्हावे. कायद्याचा जाबताही ठाऊक असावा: केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार विहित प्रकारच्या संगणकीय घटनांची इतला सहा तासांत द्यावी लागते. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ फिर्याद नोंदवावी, कारण ती रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच बँकेला गोठविता येते. आणि हा क्रमांक रात्री माल भरून घेणाऱ्या मुनिमाच्या हाताशी असावा म्हणून परभणीच्या वाहतूकदारांनी यंदाची बिल्टी-पुस्तके छापावयास देताना तो मलपृष्ठावर ठळक अक्षरांत घालून घ्यावा.